मी शिवलेल्या पिशवीत दोन रात्री

आधी कुंदाताईंचं नाव लिहिते, मग बाकीचं. कसबा पेठेत त्यांचं शिलाईचं दुकान आहे. डोंगरावर जाणाऱ्या लोकांसाठी सॅक, तंबू आणि स्लीपिंग बॅगा तिथे शिवून मिळतात. चार वर्षं झाली, मी तिथे मशीनवर बसते. कुंदाताईंचं वय सहासष्ट, गुडघे दुखरे, आणि बोलणं असं की पहिल्या महिन्यात मी दोनदा मागच्या मोरीत जाऊन रडून आले होते. त्याच कुंदाताईंनी या पौषातल्या थंडीत माझ्या लेकीसाठी आणि माझ्यासाठी जे केलं ते कोणाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. आमच्या मांजरी गावच्या महिला मंडळाच्या अंकात बायका काशीचं लिहितात, केरळचं लिहितात. मी पुण्यापासून दोन-अडीच तासांवर जाऊन दोन रात्री तंबूत राहून आले, तेवढंच लिहिते.

मी सातवी शिकलेली. माझं माहेर भंडारा जिल्ह्यातलं, सगळं धानाचं आणि तळ्यांचं रान. आठवीची शाळा दुसऱ्या गावाला होती, तिथे मला कोणी पाठवलं नाही. लग्नानंतर नवऱ्याच्या कामामुळे आम्ही पुण्याला आलो. तो मांजरीला नव्या इमारतींमध्ये प्लंबिंग करतो. आम्हाला दोन मुलं. मोठीचं नाव मी इथे मैना लिहिते, खरं वेगळं आहे. ती सात वर्षांची. धाकटा रुद्र, चार वर्षांचा.

मैनाचं नाव बदललं, कारण जे सांगायचंय ते तिचं गुपित आहे. तिला विचारूनच लिहितेय. पहिलीत गेल्यापासून तिला रात्री झोपेत शू होते. धाकट्या भावाला होत नाही, तिला होते. मांजरीच्या डॉक्टरांनी सांगितलं, "वाढत्या वयात जाईल, रागावू नका." मी रागावले नाही. पण लपवलं. गादी मागच्या गॅलरीत चादरीच्या आड वाळवायची. रोज तीळ आणि गूळ खाऊ घालायचा. संध्याकाळी चारनंतर पाणी बंद. आणि रोज तिच्या कानात एकच वाक्य, "कोणाला कळू द्यायचं नाही, हं."

अशात कुंदाताईंना लहान मुलांच्या स्लीपिंग बॅगांची मोठी ऑर्डर मिळाली. आमच्या दुकानात स्लीपिंग बॅगला नुसतं पिशवी म्हणतात. नमुन्याच्या दोन पिशव्या मी शिवल्या. बाहेरून पॅराशूटचं कापड, आत फायबर, एका बाजूने चेन. चेनचा रनर म्हणजे जो आपण ओढतो तो तुकडा. मोठ्यांच्या पिशवीला तो आतून आणि बाहेरून दोन्हीकडून ओढता येतो. मुलांच्या पिशवीला मी फक्त बाहेरून ओढायचा बसवला. आतून दिला तर मूल झोपेत चेन उघडेल आणि उघड्यावर गारठेल, असा माझा हिशोब. आई बाहेरून लावेल, सकाळी आई उघडेल. हे मी कुंदाताईंना विचारलंही नव्हतं.

नमुने बघून त्या म्हणाल्या, "दिसायला छान आहेत. थंडीत कशा आहेत ते दुकानात पंख्याखाली थोडंच कळणार? तुला दोन मुलं आहेत ना?"

"आहेत. पण त्यांना सर्दी होते, ताई."

"होऊ दे. नाकं त्यांचीच आहेत. शुक्रवारी निघायचं, रविवारी परत."

मला नाही म्हणता आलं नाही. खरं कारण सांगता येत नव्हतं आणि खोटं लवकर सुचलं नाही.

शुक्रवार, शेवंताबाईंचं खाचर

सकाळी आठला आम्ही तिघं कसब्यात पोचलो. माझ्याजवळ दोन मोठ्या बॅगा. प्रत्येक पोरामागे तीन स्वेटर, दोन कानटोप्या, हातमोजे, ओव्याची पुरचुंडी, चार चादरी. आणि सगळ्यात खाली, टॉवेलात गुंडाळून, प्लास्टिकचा एक मोठा तुकडा. कुंदाताईंनी बॅगा उचलून व्हॅनमध्ये टाकल्या आणि म्हणाल्या, "एवढं सामान? परत यायचंय की नाही?"

व्हॅन त्या स्वतः चालवतात. खडकवासला मागे पडलं, मग पाबे घाट. घाटाच्या वर आम्ही चहाला थांबलो. खाली भाताची कापलेली खाचरं पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेली होती आणि सगळ्यावर निळसर धुकट. आमच्याकडे बांध्या, म्हणजे धानाची शेतं, अशा उतरत नाहीत, सपाट पसरलेल्या असतात. पण कापणी झालेल्या धानाचा वास तोच. रुद्रने दरीत वाकून पाहिलं आणि विचारलं, "इथे लिफ्ट नाही?"

आम्ही थांबलो ते वेल्ह्याकडच्या एका गावाबाहेर, शेवंताबाईंच्या शेतात. कुंदाताई तरुणपणी किल्ले चढत तेव्हापासूनची त्यांची ओळख. पुण्यात जिला सगळे घाबरतात तिला ही बाई सरळ म्हणाली, "आलीस व्हय गं कुंदे? किती वाळलीस!"

मग शेवंताबाई मला म्हणाल्या, "तू कुठली?"

"भंडाऱ्याकडची."

"लांब हाय?"

"रेल्वेनं एक रात्र, मग बस."

"तिकडं काय पिकतं?"

"धानच. म्हणजे भात."

"मग घरचीच की गं तू," असं म्हणून त्यांनी माझ्या हातात पेंढ्याचा भारा दिला.

तो तंबूखाली अंथरायचा होता. कुंदाताई म्हणाल्या, थंडी वरून येते असं लोकांना वाटतं, पण झोपलेल्या माणसाची ऊब खालची जमीन ओढून घेते, म्हणून खाली जाड हवं. हे मला शिकवायची गरज नव्हती. आमच्याकडे याला तणस म्हणतात. लहानपणी मी बाबांसोबत खळ्यावर धान राखायला तणसातच झोपायचे. इथे तंबू पाण्याजवळ लावावा असं मला वाटत होतं, शेताखालच्या धरणाचं पाणी इतकं सुंदर दिसत होतं. कुंदाताईंनी दोन खाचरं वर नेला. "गार हवा पाण्यासारखी असते. उताराने खाली जाऊन साचते. तुला फोटो काढायचाय की झोपायचंय?"

तंबू उभा राहिला तेव्हा मी आत जाऊन बसले आणि पोरांना दोन मिनिटं बाहेर थांबवलं. असे कितीतरी तंबू मी शिवलेत. पण शिवताना तंबू म्हणजे मांडीवर पडलेला कापडाचा ढीग. उभा राहिलेला मी कधी पाहिलाच नव्हता. उन्हात वरची शिवण आतून दिसत होती. एका कोपऱ्यात टीप जरा वाकडी गेली होती. ती माझीच होती, मला ओळखू आली.

दुपारी जेवून आम्ही मागच्या टेकडीवर निघालो. मैनाचं पाणी मी बारा वाजल्यापासूनच बंद केलं होतं. घरी चारला करते, इथे भीती जास्त म्हणून चार तास आधी. तिने दोनदा मागितलं. मी "नंतर" म्हटलं. अर्ध्या चढावर ती एका दगडावर बसली आणि म्हणाली, "डोकं दुखून राहिलं." ओठ पांढरे पडलेले. हात गार.

कुंदाताईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "शेवटचं पाणी कधी प्यायलीस?"

मैनाने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "तिला थंडीत तहानच लागत नाही, ताई."

"थंडीत कोणालाच लागत नाही. म्हणून आठवणीने प्यायचं असतं. कोरडं अंग लवकर गारठतं." त्यांनी आपली बाटली काढली आणि तिला घोट घोट करून सगळी प्यायला लावली. रंग परत आला. मला बरं वाटायला हवं होतं, पण मी घोट मोजत होते. संध्याकाळी शेवंताबाईंनी कुळथाचं कढण दिलं, मैना दोन वाट्या प्यायली. वर कोमट पाणी. दर वेळी वाटीच्या कडेवरून ती माझ्याकडे बघायची, पिऊ की नको. कुंदाताईंसमोर मी काय बोलणार? मी दुसरीकडे बघायची.

अंधार पडला तशी थंडी पायांतून वर चढायला लागली. मी दोन्ही पोरांना सगळं चढवलं, तीन स्वेटर, टोपी, वर दुसरी टोपी. रुद्रचे हात खालीच येईनात, तो बाहुल्यासारखा उभा. कुंदाताई आल्या, बघून म्हणाल्या, "आता याला टेकडीवरून गडगडत सोडलं तरी लागणार नाही." मग त्यांनी सगळं उतरवायला लावलं. दिवसभराचे कपडे घामाने दमट असतात, रात्री तेच गार पडतात. कोरडा शर्ट, कोरडी पँट, एक स्वेटर, एक टोपी. "बाकीचं काम पिशवीला करू दे. तूच शिवलीस ना?"

त्या शेजारच्या आपल्या छोट्या तंबूत गेल्या. मी मैनाला बाहेर नेऊन आणलं. मग तिच्या पिशवीत प्लास्टिक सरकवलं. ते वाजलं.

"आई, काय वाजतंय?" रुद्र म्हणाला.

"काही नाही, झोप."

मी दोघांच्या चेनी बाहेरून वरपर्यंत लावल्या. मोबाइलवर बाराचा आणि तीनचा गजर लावला, आवाज बंद, नुसता थरथरणारा, म्हणजे कुंदाताईंना ऐकू जाऊ नये. तो डोक्याखाली ठेवला. मैनाच्या कानात माझं नेहमीचं वाक्य सांगितलं. आणि मोठ्यांच्या मापाच्या पिशवीत आयुष्यात पहिल्यांदा शिरले. चार वर्षं मी ती दुसऱ्यांसाठी भरत होते. ती इतकी ऊबदार असते हे मला माहीतच नव्हतं. बारा वाजलेले मला कळले नाहीत. तीनही नाहीत.

शनिवार, उजाडताना

जाग आली तेव्हा तंबू आतून राखाडी दिसत होता. आमच्याच श्वासाचे थेंब कापडावर जमून ओघळत होते. रुद्र घोरत होता. मैनाचे डोळे उघडे होते. ती हलत नव्हती.

मी तिच्या पिशवीवर हात ठेवला आणि मला कळलं.

"कधीपासून अशी पडली आहेस?"

"कोंबडा ओरडला त्याच्या आधीपासून." दात वाजत होते तिचे. "आई, मी उठली होती."

"काय?"

"शू लागली म्हणून उठली होती. चेन नाही सापडली. आतून हातच लागत नाही. खूप वेळ धरून ठेवली."

"मग मला हाक काहून नाही मारली?"

"तूच म्हणते ना, कोणाला कळू द्यायचं नाही. कुंदाआजी बाजूच्या तंबूत होती."

बाहेरून कुंदाताईंचा आवाज आला, "रंजना, काय झालं गं?"

"काही नाही, ताई!"

तोंडातून निघून गेलं. मैना माझ्याकडे बघत होती. तिचे पाय मी चाचपले, बर्फासारखे. ओठ निळसर. एवढी पोर त्या ओल्यात दीड-दोन तास गप्प पडून होती, माझं वाक्य पाळत. मी तंबूची चेन उघडली, डोकं बाहेर काढलं आणि म्हटलं, "ताई, मैनाला शू झाली. पिशवी ओली झाली. ती गारठली आहे."

हे इतकं बोलायला मला सहा महिने लागले होते.

"पिशवी राहू दे. पोरगी दे इकडे."

पुढची दहा मिनिटं त्या एक अक्षर वावगं बोलल्या नाहीत. ओले कपडे काढले, टॉवेलने अंग कोरडं केलं, चोळलं नाही, नुसतं टिपलं. कोरडे कपडे, टोपी, आणि स्वतःच्या पिशवीत घातलं, ती अजून त्यांच्या अंगाने गरम होती. मी शेवंताबाईंच्या चुलीवरून गरम पाणी आणलं. ते स्टीलच्या बाटलीत भरून, बाटलीवर मोजा चढवून तिच्या पायांशी दिली. मग गुळाचं कोमट पाणी. हळूहळू दात वाजायचे थांबले. गालांवर रंग आला.

रुद्र उठून आला होता. "ताईने शू केली?"

"हो," कुंदाताई म्हणाल्या. "आणि तू रात्रभर घोरलास. ज्याचं त्याचं असतं काहीतरी."

तो विचार करत बसला.

मग त्यांनी मैनाला विचारलं, "आता मला नीट सांग. झोपेत झाली की जागेपणी?"

"जागी होती मी."

"स्वतःहून जाग आली? कोणी उठवलं नाही?"

"नाही."

कुंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं. चारनंतरचं पाणी, तीळगूळ, गॅलरीतली गादी, टेकडीवरचं खोटं, प्लास्टिक, गजर. त्या ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "रनर कोणी बसवला?"

"मी."

"आतून पकड का नाही?"

"पोरांनी रात्री उघडू नये म्हणून. थंडी लागेल म्हणून."

"म्हणजे घरात माणसं ठेवून बाहेरून कडी." त्यांनी मैनाची टोपी नीट केली. "रंजना, ही मुलगी काल उठली. सहा महिने तू ज्याची वाट बघतेयस ते काल झालं. तिने तिचं काम केलं. दार आपण लावून ठेवलं होतं."

मला रडू फुटलं. कुंदाताई म्हणाल्या, "रडायचं असेल तर चुलीजवळ जाऊन बस. तिथे धूर आहे, शोभून दिसेल." आणि मैनाच्या पाठीवर हात ठेवून, मला ऐकू जाईल अशा आवाजात, "तुझी आई शिलाईत हुशार आहे. बाकी हळूहळू शिकेल."

मैना हसली. त्या सकाळी पहिल्यांदा.

शनिवार, दिवसभर

ऊन आल्यावर आम्ही पिशवीचा खालचा भाग कोमट पाण्याने धुतला आणि दोन झाडांमध्ये दोरी बांधून वाळत टाकला. शेवंताबाई शेण टाकून येत होत्या. "का गं, नवीकोरी ती धुतली?"

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं, चहा सांडला. मी मैनाकडे पाहिलं आणि ते गिळलं. तेवढ्यात तीच म्हणाली, "मला शू झाली."

"आत्ता गं बया! माझ्या थोरल्याला पार सातवीपातुर व्हायची. आता रातभर ट्रक चालवतोय, डोळ्याला डोळा लागत नाय त्याचा." आणि पाटी डोक्यावर घेऊन त्या निघूनही गेल्या.

एवढंच. आकाश कोसळलं नाही. मी मांजरीत ज्या गोष्टीसाठी चादरी आड लावत होते ती इथे शेणाच्या पाटीइतकी साधी होऊन गेली.

कुंदाताईंच्या दुरुस्तीच्या डब्यात दोन्हीकडून ओढता येणारे रनर होते. सुईदोरा माझ्या पर्समध्ये कायम असतो. झाडाखाली बसून मी आधी रुद्रच्या पिशवीची आणि मग वाळत आलेल्या मैनाच्या पिशवीची चेनच्या शेवटाची टीप उसवली, जुना रनर काढला, नवा चढवला, पुन्हा शिवलं. मशीन नाही, हातानेच, बोटं सुन्न. आतल्या पकडीला मी जाड नाडी बांधली आणि तिला तीन गाठी मारल्या, गार बोटांना अंधारात सापडाव्यात म्हणून. मैनाला पिशवीत घालून डोळे मिटायला सांगितलं. पहिल्यांदा तिला वेळ लागला. मग ती दर वेळी आधीपेक्षा लवकर बाहेर यायला लागली. शेवटी शेवटी कुंदाताई घड्याळ बघत होत्या आणि रुद्र "मला पण, मला पण" करत पिशवीसकट उड्या मारत होता.

"पिशवीच्या टोपीची दोरी फार वर आहे," मैना म्हणाली. "नाकाशी येते."

"लिहून घे," कुंदाताई मला म्हणाल्या. "गिऱ्हाईक बोलतंय."

दुपारी शेवंताबाईंच्या घरी तांदळाची भाकरी आणि पावट्याची आमटी. मी आमच्याकडची वांग्याची भाजी केली. शेवंताबाईंनी एक घास खाल्ला, डोळे पुसले. "भाजी हाय का जाळ?" पण वाटी पुढे केली. आमची भाकर जाडसर असते, त्यांची पातळ आणि पांढरीशुभ्र, पाण्याचा हात लावून थापलेली. मी शिकायचा प्रयत्न केला. तिसरी जमली.

मैना दिवसभर पाणी पीत होती. मी मोजलं नाही. खोटं कशाला सांगू, दुपारपर्यंत मोजलं, नंतर सोडून दिलं.

पिशवी सूर्य मावळेपर्यंत वाळली. शिवणीजवळ थोडं दमट राहिलं होतं, ते चुलीपासून हातभर लांब धरून वाळवलं. फायबर आगीजवळ नेलं तर वितळतं. मैनाने विचारलं, "आज परत झाली तर?"

मी म्हटलं, "उद्या परत धुऊ."

हे माझं वाक्य नव्हतं, कुंदाताईंच्या तोंडी शोभणारं, उसनं होतं. पण मी ते म्हटलं. प्लास्टिक बॅगेतच राहिलं. कानात काही सांगितलं नाही. फक्त एवढंच, "लागली तर मोठ्यानं हाक मार."

त्याच रात्री

मोठ्यानं म्हणजे किती मोठ्यानं हे मी सांगायला विसरले.

"आई! शू!"

गावातलं कुत्रं भुंकायला लागलं. पलीकडच्या गोठ्यात घंटा वाजली. मी दचकून उठले तर मैना पिशवीच्या बाहेर, गुडघ्यांवर बसलेली, नाडी हातात. शेजारच्या तंबूतून आवाज आला, "थांबा गं, मी पण येते."

बॅटरी घेऊन आम्ही तिघी बांधावरून गेलो. पायाखालचं गवत दवाने भिजलेलं, चपलेतून गार लागत होतं. वर इतके तारे की मला माझ्या बाबांचं खळं आठवलं. शहरात असते तेव्हा ते आठवत नाही. मैना बसली. मग तिने मोठ्याने सांगितलं, "आई, तोंडातून वाफ येते!" आणि जरा थांबून, आणखी मोठ्याने, "आणि खालून पण येते!"

कुंदाताई हसल्या. चार वर्षांत त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. हसता हसता म्हणाल्या, "हसवू नकोस गं बाई, माझं वय झालंय."

सकाळी मैनाची पिशवी कोरडी होती. ती स्वतः हात घालून बघून आली, मग रुद्रला बघायला लावलं, मग शेवंताबाईंना.

रविवार, परतताना

सगळं सुटलं असं मी लिहिणार नाही. परत आल्यापासून मैनाची गादी दोनदा ओली झाली. पण ती आता समोरच्या गॅलरीत वाळते. शेजारणीने विचारलं, मैनानेच सांगितलं, आणि शेजारीण हळूच म्हणाली की तिच्या मुलाचंही तेच आहे. चारनंतर पाणी चालू आहे, झोपायच्या आधी जरा कमी. शाळेत बाटली संपवून येते. बाकी वाढत्या वयावर सोडलं. आणि ऑर्डरच्या सगळ्या पिशव्यांना रनर दोन्हीकडून ओढायचा, आतून तीन गाठींची नाडी.

एक गोष्ट मात्र राहिली. घाट उतरताना पोरं मागे झोपली होती. कुंदाताई म्हणाल्या, "पुढच्या थंडीत नमुने घेऊन तू ये. तुला आता सगळं येतं. मी नाही येणार."

"काहून, ताई?"

"रात्री चारदा उठावं लागतं. गुडघ्यांनी रांगत तंबूच्या बाहेर यायचं, अंधारात बांध चाचपायचा. काल एकदा तुम्ही दोघी होतात, सोबत झाली. बाकी तीनदा दर वेळी वाटलं की आता पडणार."

"मग मला उठवायचं ना!"

त्यांनी समोर रस्त्याकडेच बघत गिअर बदलला. "दिवसभराची दमलेली तू. आणि कशाला उगाच सगळ्यांना कळवायचं?"

तेव्हा तिथे काही बोलले असते तर त्यावरही सुनावलं असतं. म्हणून इथे लिहिते, अंक त्यांच्या हातात मी स्वतः देणार आहे.

कुंदाताई, पुढच्या पौषात नाही जमलं तर त्याच्या पुढच्या, पण तुम्हाला मी आमच्या गावी नेणार. तळ्याच्या काठी, उंचवट्यावर, खाली भरपूर तणस घालून तंबू लावणार, आणि तुमच्या उशाशी मी झोपणार. चारदा उठा, पाचदा उठा. फक्त हाक मारा, मोठ्यानं. गावातली सगळी कुत्री भुंकली तरी भुंकू द्या. मी उठेन.